रॉचेस्टरची केशप्रसाधिका

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं नाभिक घरीं येत असे. वाड्याच्या ओटीवर किंवा अंगणांतल्या कोवळ्या उन्हांत तो आपली धोकटी सोडी, पाट मांडला जाई, पाण्याची वाटी येई. आणि ज्या करड्या गृहस्थासमोर घरचीं माणसें तोंड उघडण्यास कचरत, तो गृहस्थ या माणसापुढें मुकाट्यानें मान वांकवून बसे. वस्तरा गळ्याशीं आणि यजमान डोळे मिटून स्वस्थ! विश्वासाचें याहून मोठें उदाहरण शोधूं गेल्यास क्वचितच सांपडेल. तरी पण गांवगाड्यांत नाभिकाचें स्थान बलुतेदाराचें. सुगीला त्याला धान्य मिळे, दिवाळीला पोस्त मिळे. परंतु ‘माझ्या कामाचें मोल मी सांगेन’ असें म्हणण्याची सोय त्याला नव्हती. स्त्रियांच्या केसांची गोष्ट तर निराळीच. वेणीफणी आईनें करावी, बहिणीनें करावी, नाहीं तर शेजारणीनें. कुलीन घरांत परक्या हाताचा स्पर्श व्हावयाचा तो विधवेच्या मस्तकाला, आणि तो कशासाठीं हें आपणांस ठाऊक आहेच. त्याकडे मी पुढें येणार आहें.

विश्वास होता, पण प्रतिष्ठा नव्हती, अशी ही स्थिति. केवळ आपल्याकडेच ती होती असें नव्हे. जो दुसर्‍याच्या मस्तकाला हात लावतो तो चाकर, ही समजूत बहुतेक सर्व देशांत होती. ती मोडून हा स्वतंत्र आणि मानाचा व्यवसाय कसा उभा राहिला, गिर्‍हाइकाच्या मनांत आपली एक प्रतिमा निर्माण करण्याची व त्याच्याशीं जिव्हाळा जोडण्याची विद्या कोणी आणि कशी साधली, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे. आजच्या या भाषणाची नायिका एक मोलकरीण आहे. परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वीं आपल्याच देशांतून गेलेल्या एका गृहस्थाची भेट घेऊं.

‘शांपू’ हा शब्द आपण साहेबाचा समजतों. तो मुळांत येथलाच आहे. हिंदींतील ‘चाँपना’ म्हणजे दाबणें, चेपणें. आपल्या ‘चेपणें’ या शब्दाचा तो भाऊबंदच. हा शब्द आणि ही क्रिया विलायतेंत लोकप्रिय करण्याचें श्रेय बव्हंशीं पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमद या गृहस्थाकडे जातें. कंपनी सरकारच्या फौजेबरोबर हिंडलेला हा मनुष्य आयर्लंडांत व नंतर इंग्लंडांत गेला, लंडनमध्यें १८१० सालीं त्यानें हिंदुस्थानी खाण्याचें उपाहारगृह काढलें, तें चाललें नाहीं, आणि मग ब्रायटन या समुद्रकांठच्या शहरीं त्यानें वाफेच्या स्नानाचें व अंग चेपण्याचें गृह उघडलें. त्या काळीं ‘शांपू’ म्हणजे केस धुणें नव्हे, तर अंग रगडणें. महंमदानें आपली प्रसिद्धि कशी केली तें पाहण्यासारखें आहे. बर्‍या झालेल्या रोग्यांनीं टाकून दिलेल्या कुबड्या त्यानें भिंतीवर टांगून ठेवल्या होत्या! गिर्‍हाईक दाराशीं आलें कीं प्रथम त्या कुबड्यांशींच त्याची गांठ पडे. १८२२ सालीं त्यानें आपल्या विद्येवर पुस्तक छापलें, गिर्‍हाइकांचे अभिप्राय प्रसिद्ध केले, आणि अखेर चौथ्या जॉर्ज राजाचा ‘शांपू करणारा सर्जन’ ही पदवी मिळविली. एवढ्यानेंहि समाधान न होऊन त्यानें आपलें वय दहा वर्षांनीं वाढवून सांगितलें, कारण तेवढ्या जागेंत वैद्यकाच्या शिक्षणाचीं कांहीं वर्षें बसवितां येत होतीं. जाहिरातीचा हा मोह फार जुना आहे, हें यावरून दिसेल. माझें मत विचाराल तर त्या कुबड्या पुरेशा होत्या. वय वाढविण्याचें कारण नव्हतें.

आतां अटलांटिक ओलांडून पलीकडे जाऊं.

मार्था मटिल्डा हार्पर हिचा जन्म कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत ओकव्हिल गांवाजवळ १८५७ सालीं झाला. बाप शिंपी, घरीं दारिद्र्य. मार्था सात वर्षांची असतांना बापानें तिला दुसर्‍याच्या घरीं कामाला ठेवून दिलें. सात वर्षांची मुलगी! ज्या वयांत आपल्या घरच्या मुली सागरगोटे खेळतात, त्या वयांत ती परक्यांच्या घरचीं भांडीं घासूं लागली, आणि पुढें जवळजवळ पाव शतक तिनें दुसर्‍यांच्याच घरीं काढलें. शाळेचें सुख तिला फारसें लाभलें नाहीं. कॅनडांतील तिचा अखेरचा मालक वैद्यकी करणारा होता. केस म्हणजे डोक्यावर ठेवलेला दागिना नसून तें शरीराचेंच एक अंग आहे, डोक्याची कातडी स्वच्छ असली आणि तेथें रक्त नीट खेळतें राहिलें तरच केस निकोप राहतात, हें तिनें त्याच्याकडून शिकून घेतलें. मरतांना त्यानें या मुलीला केसांच्या एका औषधाची कृति दिली. सोनेंनाणें मागें ठेवणारे मालक पुष्कळ होऊन गेले असतील. पण या कृतीच्या कागदानें जें दिलें तें सोन्यानें दिलें असतें असें मला वाटत नाहीं.

१८८२ सालीं ती सरहद्द ओलांडून अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर शहरीं आली. आली ती मोलकरीण म्हणूनच. मालकिणीचे केस विंचरावे, तिच्या मैत्रिणींचे विंचरावे, आणि फुरसतीच्या वेळीं तें औषध तयार करून पाहावें, असा तिचा क्रम होता. अशीं सहा वर्षें गेलीं. तेवढ्या अवधींत तिनें तीनशें साठ डॉलर शिल्लक टाकले. श्रोतेहो, ही रक्कम मोलकरणीनें मिळविलेली आहे, हें लक्षांत घ्या. तिच्या मागें बाप नव्हता, नवरा नव्हता, कोणी सावकार नव्हता.

या पैशांत तिनें काय केलें? एखाद्या गल्लींत स्वस्त खोली घेऊन ती बसली असती तर त्यांत कोणाला आश्चर्य वाटलें नसतें. तिनें नजर टाकली ती रॉचेस्टरांतील सर्वांत थाटाच्या ‘पॉवर्स’ इमारतीवर. मोठमोठे वकील, पेढीवाले तेथें बसत. आंत चित्रांचें दालन होतें, वरखालीं नेणारा पाळणा होता. इमारतीचे धनी डॅनिएल पॉवर्स हे केस धुणार्‍या बाईला जागा देण्यास राजी होईनात. तेव्हां तिनें जॉन व्हॅन व्हूर्हिस या नामांकित वकिलाला मध्यस्थ केलें. हे वकील म्हणजे स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडणार्‍या सूझन अँथनी बाईंचा खटला चालविणारे. वकिलानें मालकाचें मन वळविलें आणि १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत पॉवर्स इमारतींत मार्था हार्परचें केशप्रसाधनगृह सुरू झालें.

त्या दिवसांत हें धाडस केवढें होतें हें आज ध्यानांत येणें कठीण. सुखवस्तु घरांतील अमेरिकन स्त्रीचे केस तिच्या शयनगृहांत, तिच्याच दासीच्या हातून विंचरले जात, किंवा केस विंचरणारी घरीं बोलाविली जाई. ओले मोकळे केस घेऊन चारचौघींत बसणें हें सभ्यतेला सोडून मानीत. अशा स्त्रियांना घराबाहेर काढून आपल्या खुर्चीवर बसवावयाचें होतें. नुसती पाटी लावून तें साधणारें नव्हतें.

येथें मार्थाचें खरें चातुर्य दिसतें. तिचे स्वतःचे केस इतके लांब होते कीं सोडले असतां ते जमिनीपर्यंत येत. आपले केस मोकळे सोडून तिनें एक छायाचित्र काढविलें आणि तें दाराला लावलें. शब्द थोडे, पुरावा मोठा! योगायोग असा कीं याच रॉचेस्टर शहरांतून, याच १८८८ सालीं, जॉर्ज ईस्टमन यानें आपला ‘कोडॅक’ कॅमेरा बाजारांत आणला. महंमदाच्या कुबड्या आणि मार्थाचें छायाचित्र यांची जात एकच. पण मार्थानें वय वाढवून सांगितलें नाहीं, कीं कोठल्या विद्यालयाची पदवी नांवापुढें जोडली नाहीं. जें होतें तेंच तिनें उजेडांत धरलें.

तरी पहिले कांहीं दिवस गिर्‍हाईक फिरकेना. शेजारच्या खोलींत एक संगीतशिक्षक मुलांना शिकवी. मुलांना घेऊन येणार्‍या आयांना बसण्यास त्याच्याकडे जागा नव्हती. त्या बाहेर ताटकळत उभ्या राहत. मार्थानें त्यांना सांगितलें, ‘बाई, आंत येऊन बसा.’ एवढेंच. केस धुवून घ्या असें नाहीं, औषध विकत घ्या असेंहि नाहीं. थकलेल्या बाईला खुर्ची दिली. बसल्या बसल्या त्यांनीं खोली पाहिली, तेथली स्वच्छता पाहिली, दारावरचें छायाचित्र पाहिलें, आणि मुलाचा धडा संपेपर्यंत आपले केस धुवून घेण्यास काय हरकत आहे, असें एकीच्या मनांत आलें. एकीचें पाहून दुसरीच्या. पंचवीस वर्षें दुसर्‍यांच्या घरीं राबलेल्या बाईलाच हें सुचावें. बाईमाणसाला दिवसांतून कोणत्या वेळीं दोन घटका टेकावेंसें वाटतें, हें धनिणीपेक्षां मोलकरणीला अधिक कळतें.

हळूंहळूं तिनें तेथें आणखी सोयी केल्या. नोकरी करणार्‍या स्त्रियांना दिवसां येतां येत नसे, म्हणून सायंकाळींहि गृह उघडें ठेविलें. लेकुरवाळ्या स्त्रियांच्या मुलांना खेळण्यास जागा केली. केस धुतांना साबणाचें पाणी डोळ्यांत जातें आणि कपडे भिजतात, म्हणून मागें रेलणारी खुर्ची करविली व हात धुण्याच्या भांड्याच्या कडेला मान टेकण्यापुरती खांच पाडविली. आज जगांतील कोणत्याहि शहरीं, आपल्या पुण्या-मुंबईंतहि, केस धुवून घेणारें माणूस ज्या तर्‍हेनें मागें रेलतें, ती तर्‍हा येथली. या खुर्चीचा हक्क मात्र तिनें नोंदविला नाहीं, आणि त्यामुळें तिचें अनुकरण करण्यास सर्वांना मोकळीक झाली.

सूझन अँथनी बाई स्वतः तिच्या गिर्‍हाईक झाल्या. स्त्रीनें स्वतःच्या पायांवर उभें राहावें असें त्या सभांतून सांगत होत्या. इकडे एक बाई तें करून दाखवीत होती. अशा गिर्‍हाइकाचा लौकिक आपोआप खुर्चीला चिकटतो, हें मार्थाला ठाऊक नव्हतें असें नाहीं.

परंतु मोठ्या गिर्‍हाइकापुढें लवून उभें राहणें आणि त्याला आपलेंसें करणें यांत अंतर आहे. तें कसें, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शिकागोंतील बर्था पामर ही तेथल्या धनिक समाजाची राणीच म्हणावयाची. १८९३ सालीं त्या शहरीं जागतिक प्रदर्शन भरणार होतें व त्याच्या स्त्री-विभागाची ती अध्यक्ष होती. मार्थाच्या हातचा अनुभव घेतल्यावर तिनें आग्रह धरला कीं प्रदर्शनाच्या आधीं शिकागोंत असें एक गृह निघालेंच पाहिजे. दुसरी एखादी असती तर हुरळून तत्काळ सामान बांधती. मार्थानें काय केलें? ‘आपल्या पंचवीस मैत्रिणी नियमानें येतील असें लेखी आणून द्या, मग बघूं,’ असा निरोप तिनें दिला. पामरबाईनें तो कागद आणून दिला आणि मार्थानें शिकागोची शाखा उघडली. काल-परवांपर्यंत जिनें अशाच बायकांच्या चहाच्या कपबशा उचलल्या, तिनें कोट्यधीशाच्या पत्नीकडून हमीपत्र लिहवून घ्यावें! मला तर या सबंध चरित्रांत ही घटना सर्वांत गोड वाटते.

शाखा वाढविण्याची तिची पद्धतहि तिच्या पूर्वायुष्यांतून निघालेली होती. १८९१ पासून तिनें दुसर्‍या गांवीं गृहें उघडण्यास आरंभ केला, परंतु तीं आपल्या मालकीचीं ठेविलीं नाहींत. गृहाची मालकीण निराळी. नांव हार्परचें, रीत हार्परची, औषधें हार्परचीं. प्रत्येक मालकिणीनें तिच्याकडे शिकावें, तिच्या पद्धतीनें काम करावें, तिच्याकडचाच माल वापरावा, आणि आपला फायदा आपण घ्यावा. अशा धंद्याला आज ‘फ्रँचाइझ’ म्हणतात आणि त्याचे मोठे आद्य पुरस्कर्ते म्हणून भलत्याच पुरुषांचीं नांवें सांगितलीं जातात. मार्थानें पहिलीं शंभरएक गृहें मुद्दाम गरीब स्त्रियांच्या, बहुधा पूर्वीं मोलमजुरी करणार्‍यांच्या, हातीं दिलीं. कोणत्याहि शहरांत गेलें तरी तीच स्वच्छता, तोच हळुवार हात आणि तेंच अगत्य भेटे. म्हणून प्रवासाला निघालेलें गिर्‍हाईकहि हार्परची पाटी शोधीत जाई. भरभराटीच्या काळीं अमेरिकेंत आणि बाहेर मिळून अशीं सुमारें पांचशें गृहें चालत होतीं. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनीं तेथें मस्तकाचें मर्दन करून घेतलें. अध्यक्ष कूलिज यांची पत्नी ग्रेस ही तर नेहमींची येणारी.

एक गोष्ट तिनें निक्षून नाकारली. केसांना रासायनिक रंग लावणें आणि औषधांनीं वा उष्णतेनें त्यांना कृत्रिम लाटा पाडणें तिला मान्य नव्हतें. १९०६ सालीं कार्ल नेस्लर यानें लंडनमध्यें केसांना टिकाऊ लाटा पाडण्याची युक्ति दाखविल्यावर ती जगभर पसरली, गिर्‍हाइकें मागूं लागलीं, शेजारचीं दुकानें देऊं लागलीं; मार्थाचा हेका कायम. धंद्याच्या दृष्टीनें हें शहाणपणाचें होतें काय, याबद्दल मला शंका आहे. पण गिर्‍हाईक मागेल तें द्यावयाचें ही चाकराची रीत, आणि गिर्‍हाइकाच्या हिताचें असेल तेंच द्यावयाचें ही वैद्याची रीत, असा भेद तिच्या मनांत पक्का होता.

नकाराची ही गोष्ट निघाली म्हणून एका प्रसंगाची आठवण होते. मार्थानें पॉवर्स इमारतींत आपलें गृह मांडल्याला दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८९० सालीं, आपल्या मुंबई शहरांत नाभिक बंधूंनीं सभा भरवून ठराव केला कीं यापुढें विधवांच्या मस्तकाला आम्हीं वस्तरा लावणार नाहीं. सत्यशोधक समाजाचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा त्यांच्या पाठीशीं होती. केशवपनाविरुद्ध विद्वानांनीं लेख लिहिले, शास्त्रार्थ झाले. परंतु ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांनींच तो खालीं ठेवला, ही गोष्ट निराळी. त्यांत त्यांची मिळकत बुडणार होती, आणि मिळकत थोडीच होती. ज्यांना स्वतःच्या कामाचें मोल सांगण्याचा अधिकार नव्हता, त्यांनीं कोणतें काम करणार नाहीं हें मात्र सांगितलें. मार्था हार्परला या सभेची वार्ता कळली असण्याचा संभव नाहीं. कळती तर तिला परकी वाटली नसती.

आणखी एका स्त्रीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाहीं, कारण हार्परच्या गृहांच्या सुखद खुर्च्या सर्वांसाठीं नव्हत्या. बहुतेक गिर्‍हाईक गोरें व खातेंपितें होतें. लुइझियाना संस्थानांत १८६७ सालीं सेरा ब्रीडलव्ह ही नीग्रो मुलगी जन्मली. तिचे आईबाप गुलामगिरींत राबलेले; ती सातव्या वर्षीं पोरकी झाली, विसाव्या वर्षीं विधवा झाली, आणि मग पोटासाठीं वर्षानुवर्षें लोकांचे कपडे धूत राहिली. तिचे केस गळूं लागले. त्यावर उपाय शोधतां शोधतां तिचा व्यवसाय उभा राहिला. तिनें धारण केलेलें ‘मॅडम सी. जे. वॉकर’ हें नांवच पाहा. गोरे लोक नीग्रो बायांना नुसत्या पहिल्या नांवानें हांक मारीत. पण जिच्या नांवांतच ‘मॅडम’ आहे तिला काय म्हणणार? तिच्या डब्यांवर तिचेंच चित्र असे. घरोघर जाणार्‍या तिच्या हस्तक स्त्रिया पांढरा सदरा व काळा लांब झगा घालून, हातांत पेटी घेऊन निघत. डॉक्टर निघावा तशा. त्यांतल्या कित्येकींना धुणीभांड्यांतून सुटण्याची ही पहिलीच वाट मिळाली. १९१७ सालीं या स्त्रियांची परिषद फिलाडेल्फियांत भरली. १९१९ सालीं वॉकरबाई वारल्या, तेव्हां त्यांच्या संपत्तीचा बोलबाला सार्‍या अमेरिकेंत झालेला होता.

वेळ थोडा उरला आहे. मार्थाची हकीकत पुरी करतों. तिनें लग्न केलें तें १९२० सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं. वर रॉबर्ट मॅकबेन तिच्याहून चोवीस वर्षांनीं लहान! पुढें धंद्याचीं सूत्रें त्याच्याकडे गेलीं, आणि ज्या कृत्रिम लाटांना बाईनें जन्मभर दार बंद ठेविलें त्या हार्परच्या गृहांत शिरल्या. आपण घडविलेलें घर असें बदलत असतांना पाहणें तिच्या नशिबीं आलें. १९५० च्या ऑगस्टांत, त्र्याण्णवाव्या वर्षांत, ती रॉचेस्टरलाच वारली. त्यानंतर अर्धें शतक तिचें नांव जवळजवळ कोणी घेत नव्हतें. २००० सालीं तिचें सविस्तर चरित्र प्रसिद्ध झालें आणि २००३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय स्त्री-गौरव मंदिरांत तिचें नांव नोंदलें गेलें.

दाराला लावलेलें तें छायाचित्र आजहि पाहावयास मिळतें. साधा वेष, गंभीर मुद्रा, आणि खांद्यावरून थेट पावलांपर्यंत उतरलेले केस. हात मात्र नीट पाहा: ते मोलकरणीचेच आहेत.